हाताला काम, डोक्यालाही काम

यंत्रमागावरच्या कारागिराचं काम लांबून पाहणाऱ्याला निव्वळ अंगमेहनतीचं वाटतं. जवळ उभं राहिलं की त्यात डोकं किती लागतं ते कळतं. एका माणसाकडे अनेक माग असतात. दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेने तो बारा-बारा तास ये-जा करतो. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात कुठल्या मागाची लय बिघडली हे त्याला ऐकू येतं. तुटलेला धागा नजरेला सापडतो, बोटं चिमटीत गाठ मारून मोकळी होतात, आणि त्याच वेळी कोणत्या मागावरचा धागा संपत आला याचा हिशेब डोक्यात चालू असतो. मजुरी मीटरवर मिळते, त्यामुळे एकही माग फार वेळ बंद राहून चालत नाही. चालणं, ऐकणं, शोधणं, लक्षात ठेवणं, गाठ मारणं, हे सगळं एका दमात होतं. पक्षाघात झाला की हा मेळच मोडतो. हात लुळा पडला हे घरच्यांना दिसतं. मेळ मोडला हे दिसत नाही.

सुरतेच्या दक्षिणेला पांडेसरा ही अशा कामगारांची वस्ती. जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिल्स, आजूबाजूला लूम्सचे कारखाने, आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या सोसायट्या, चाळी, भाड्याच्या खोल्या. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे लोक इथे आहेत, आणि धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेले खान्देशी तर पिढ्यानपिढ्या. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेने त्यांना इथे आणलं आणि तीच त्यांना लग्नाला, पेरणीला, कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला गावी नेते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी, कचेरीत गुजराती, अशा चार भाषा इथला माणूस दिवसभरात वापरतो. लकवा मारल्यावर बरं होण्याचा विचार करताना या चार भाषा आणि ते मागावरचं काम, दोन्ही औषधाइतकी महत्त्वाची आहेत.

पहिले काही तास

बरं होण्याची गोष्ट सुरू होते पहिल्या तासांपासून, म्हणून ती आधी सांगून टाकायला हवी. तोंड एका बाजूला झुकलं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, तोल गेला किंवा अचानक दिसेनासं झालं, तर लगेच १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे की फुटली आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचा उपचार वेगळा असतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही निवडक रुग्णांमध्ये नळी घालून गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत जाते. जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ साली हिशेब मांडला होता: मोठी रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातात, उपचार नसतील तर, दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. कबुतराचं रक्त चोळणं, अंगावर शेकणं, देवस्थानाला नेण्यासाठी गाडी ठरवणं यात तास जातात, आणि ते परत मिळत नाहीत. श्रद्धेला नंतर वेळ आहे, स्कॅनला नाही.

हा क्वचित होणारा आजार आहे असं समजून दुर्लक्ष करणंही महागात पडतं. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने २००५-०६ मध्ये झालेल्या पाहणीत वर्षाला लाख लोकांमागे सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा पक्षाघात झाल्याचं दिसलं. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं: १५९९ पैकी २२९ मृत्यू. त्यातले बहुतेक जण घरीच गेले. वाढलेला रक्तदाब हा या आजाराचा सगळ्यात मोठा वाटेकरी, आणि तंबाखूही त्यात भर घालते. रात्रपाळी, मळलेली तंबाखू आणि कधीच न मोजलेला रक्तदाब हे मिश्रण पांडेसऱ्यात घरोघर सापडेल.

चालताना बोलणं का थांबतं

जीव वाचतो, आठ-दहा दिवसांनी माणूस घरी येतो. फिजिओथेरपिस्ट हातापायाचे व्यायाम शिकवून जातो. ‘हात वर करा, दहा वेळा. पाय वाकवा, दहा वेळा.’ घरचे मनापासून करून घेतात. पण माणूस मध्येच विसरतो, चिडतो, ताटातली अर्धीच भाकरी खाऊन उठतो, साधा प्रश्न विचारला तरी उत्तराला वेळ लावतो. मग घरात शब्द निघतात: ‘आळशी झाले’, ‘मनावरच घेत नाहीत’, ‘हट्टी झाले’.

यातलं बरंच काही हट्टातून येत नाही, मेंदूच्या इजेतून येतं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेल्या काही रुग्णांना डाव्या बाजूचं जगच लक्षात येत नाही. डोळे ठीक असतात, पण ताटाचा डावा अर्धा भाग त्यांच्यासाठी नसतोच. काहींचं लक्ष टिकत नाही, काहींना दोन पायऱ्यांची सूचना पेलत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. जोर गेलेला हात सगळ्यांना दिसतो, लक्ष, स्मरण आणि उभारी गेलेली कुणाला दिसत नाही. त्यामुळे व्यायाम हातालाच दिला जातो आणि डोकं नशिबावर सोडलं जातं.

शरीर आणि डोकं वेगळं काढता येत नाही, याचा एक साधा पुरावा १९९७ साली स्वीडनमधून आला. लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी निवासी केंद्रात राहणाऱ्या ५८ वृद्धांसोबत चालता चालता गप्पा सुरू केल्या. बोलायला सुरुवात केल्याबरोबर जे पाय थांबवत होते असे १२ जण निघाले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. निरोगी माणसाचं चालणं आपोआप होतं, त्याला वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. इजा झाली की तेच चालणं लक्षाचा मोठा वाटा खाऊ लागतं. मग कुणी हाक मारली, मोबाइल वाजला, गल्लीत रिक्षा आडवी आली की लक्ष तिकडे जातं आणि पाय अडखळतो. दवाखान्याच्या शांत खोलीत सरळ रेषेत चालणारा माणूस पांडेसऱ्याच्या बाजारात पडतो तो यामुळेच. बाजारातल्या चालण्याचा सराव त्याला कुणी दिलेलाच नसतो.

मेंदू कशाने शिकतो

मेंदूच्या इजा झालेल्या भागाशेजारचे भाग त्याचं काम उचलू शकतात, हे आज सर्वमान्य आहे. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो यांनी माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेनंतर हाताचा नेमका सराव मिळाला तर हाताची मेंदूतली जागा टिकते. एडवर्ड टॉब यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: दुबळा हात वापरूनही उपयोग होत नाही असा अनुभव वारंवार आला की मेंदू तो वापरायचंच सोडतो. चांगला हात अडकवून ठेवून दुबळ्याकडून काम करून घ्यायची त्यांची पद्धत २२२ रुग्णांवर तपासली गेली आणि २००६ साली तिचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले. दुबळ्या हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असलेल्यांसाठीच ती आहे, हेही तितकंच खरं.

पण नुसती हालचाल आणि कामासाठी केलेली हालचाल यांत फरक आहे. चिंग-यी वू आणि कॅथरीन ट्रॉम्बली यांनी २००० साली पक्षाघात झालेल्यांना दोन प्रकारे हात पुढे न्यायला सांगितलं: एकदा टेबलावरची खरी नाणी गोळा करायला, एकदा नाणी आहेत अशी कल्पना करून. खऱ्या नाण्यांकडे जाणारा हात अधिक सफाईने, अधिक सरळ गेला. स्नायू तेच होते, हेतू आला आणि हालचाल बदलली.

आवर्तनांचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये पुनर्वसनाच्या सत्रांत बसून मोजलं: दुबळ्या हाताच्या सहेतुक हालचाली सत्राला सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बदल दिसतो तो दिवसाला शेकडो आवर्तनांनी. सगळ्या सोयी असलेल्या देशात ही गत, तर आठवड्यातून एकदा रिक्षाने फिजिओथेरपीला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल?

शरीराच्या व्यायामाला बौद्धिक सरावाची जोड दिली तर काय होतं, हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये मिशेल प्लॉमन यांनी तपासलं. पक्षाघाताला बराच काळ उलटलेल्या ५२ जणांचे त्यांनी चार गट केले. काहींना दम लागेल असा व्यायाम, काहींना हलक्या हालचाली. त्यासोबत काहींना लक्ष आणि स्मरणाचा पद्धतशीर सराव, काहींना संगणकावरचे साधे खेळ. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. नव्या कोड्यातून वाट काढण्याची क्षमता सर्वाधिक वाढली ती दमाचा व्यायाम आणि बौद्धिक सराव दोन्ही मिळालेल्या गटात. व्यायामाने रक्तात वाढणारी काही वाढघटक रसायनं पेशींमधले नवे जोड तयार व्हायला मदत करतात, आणि त्या जोडांना वळण देतो तो बौद्धिक सराव, अशी यामागची मांडणी आहे. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठे मनोरे उभे करू नयेत. पण दिशा स्पष्ट दिसते.

मनातल्या मनात केलेला सरावही वाया जात नाही. स्टीफन पेज यांनी २००७ मध्ये ३२ जुन्या रुग्णांना सारखीच थेरपी दिली. नंतर अर्ध्या जणांकडून त्याच हालचालींचा अर्धा तास मनात सराव करून घेतला, उरलेल्यांना तेवढाच वेळ नुसतं शिथिल बसायला सांगितलं. मनात सराव करणाऱ्यांचा हात जास्त सुधारला. २०२० मध्ये २५ अभ्यास आणि ६७६ रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या आढाव्यानेही, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला मनातला सराव दिला तर हाताला फायदा होतो, असं नोंदवलं. रात्री पडल्या पडल्या, डोळे मिटून, तुटलेला धागा शोधून दोन्ही हातांनी गाठ मारतोय असं एकेका पायरीने ‘करून’ पाहायला कारागिराला पैसा लागत नाही.

पांडेसऱ्याच्या खोलीतला व्यायाम

हे ज्ञान दहा बाय बाराच्या खोलीत आणायचं कसं? आधी काही पथ्यं. पहिल्या २४ तासांत जोरजोरात उठवण्या-चालवण्याची घाई नको. २१०४ रुग्णांवर झालेल्या ‘अव्हर्ट’ चाचणीत, अशा फार लवकरच्या आणि फार जास्त हालचालीने निकाल उलट खालावले, हे २०१५ साली दिसलं. कधी आणि किती, हे डॉक्टर आणि थेरपिस्ट ठरवतील. रक्तदाब आटोक्यात हवा. दुबळ्या हाताला धरून ओढून कुणाला उठवायचं नाही, खांदा निखळतो. चालताना सोबतीने दुबळ्या बाजूला उभं राहायचं. आणि नुसतं चालणंच डळमळीत असेल तोवर चालता चालता डोक्याला काम द्यायचं नाही. ती जोड बसून सुरू करायची.

बसून पुष्कळ काही होतं. पांडेसऱ्यातल्या अनेक घरांत बायका साड्यांचं काम आणतात: धागा कटिंग, लेस, स्टोन लावणं. त्यातल्या रंगीत लेसच्या गुंडाळ्या दुबळ्या हाताने रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या. दुसऱ्या दिवशी नियम बदलायचा: आधी जाड, मग बारीक. तिसऱ्या दिवशी वेगळ्या करता करता वीसपासून उलटे आकडे म्हणायचे. हात तेच करतो, डोक्याचं काम रोज थोडं वाढतं. कात्री मात्र लांब ठेवायची, आणि हा सराव आहे, मजुरी नाही, हेही घरात सगळ्यांनी लक्षात ठेवायचं. भाकरी थापताना दुबळा हात पिठावर, त्यावर चांगला हात. डावी बाजू लक्षात न येणाऱ्या माणसाच्या वाट्या मुद्दाम डावीकडे मांडायच्या आणि ‘अजून काय राहिलं?’ असं विचारायचं.

जागच्या जागी पाऊल उचलण्याइतका तोल आला की भिंतीजवळ, खुर्ची धरून, एकेका पावलाला एकेक स्टेशन घ्यायचं: उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. जमलं की उलटं, जळगावहून उधन्याकडे. मग फक्त महाराष्ट्रातली. हा मार्ग इथल्या खान्देशी माणसाच्या अंगात मुरलेला असतो; परक्या चित्रांच्या पुस्तकापेक्षा तो लवकर परत येतो. पुढची पायरी गल्लीतल्या किराणा दुकानाची: तीन वस्तू लक्षात ठेवून जायचं, पैसे मोजून द्यायचे, सुट्टे तपासून घ्यायचे. सोबतीला कुणीतरी हवंच, पण उत्तर त्याने सांगायचं नाही. थांबायचं, वाट पाहायची. ज्याचा मेंदू सावकाश शोधतोय त्याच्या आधी शब्द पुरवणं ही मदत वाटते, पण त्यात त्याचा सराव जातो.

वाचा गेलेल्यांसाठी गाण्याची वाट खुली असते. बोलता न येणारे अनेकजण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणतात, हे जगभर पाहिलं गेलंय. त्याचा आधार घेऊन अमेरिकेत १९७३ मध्ये सुरावर वाक्यं म्हणवून घेण्याची उपचारपद्धती मांडली गेली. कानबाईची गाणी, आरती, लहानपणचं भजन, ताल धरायला मांडीवर चांगला हात. सुरात ‘पाणी दे’ म्हणता आलं तर तिथून हळूहळू बोलण्याकडे नेता येतं. वाचाउपचारतज्ज्ञ हे नेमकेपणाने करतो, घरच्यांनी ते रोज चालू ठेवायचं.

आणि भाषा कुठली? हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१६ साली त्यांनी लिहिलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांची बौद्धिक क्षमता पक्षाघातानंतरही शाबूत होती. एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होतं. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हींत सारखंच होतं. आयुष्यभर भाषा बदलत बोलणाऱ्या मेंदूत लक्ष वळवण्याचा जो सराव साठतो, तो अशा वेळी कामी येत असावा. म्हणजे पांडेसऱ्यातला गरीब कामगार या बाबतीत श्रीमंत आहे. सुरत महापालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात मराठीही आहे. शाळेच्या बाबतीत शहराने जे ओळखलं ते उपचारातही ओळखायला हवं. अहिराणीत विचार करणाऱ्या बाईची स्मरणशक्ती गुजराती प्रश्नपत्रिकेने मोजली, तर तिचं अपयश कागदावर चढतं आणि तिचा मेंदू तपासायचा राहून जातो.

माया पुरेशी नाही

इथे एक कठीण सत्य समोर ठेवलं पाहिजे. ‘घरच्यांना शिकवा, ते करून घेतील’ हा विचार आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन यांच्या नेतृत्वाखालच्या ‘अटेंड’ चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. ते रुग्णालयात सुरू होऊन घरी दोन महिन्यांपर्यंत चालू राहिलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्यांचं किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण सारखंच, ४७ टक्के. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं.

हा निकाल वाचून खचायचं कारण नाही, आणि तो झाकून ठेवायचंही नाही. त्याच्याशेजारी अमेरिकेतली ‘लीप्स’ चाचणी ठेवावी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्यात ४०८ रुग्ण होते. दोरांनी अंगाचं वजन पेलून यांत्रिक पट्ट्यावर चालवण्याचा महागडा सराव आणि घरी येऊन थेरपिस्टने करून घेतलेला ताकदीचा व तोलाचा व्यायाम, दोन्हींनी वर्षअखेर चालण्यात सारखीच सुधारणा झाली. पण तो घरचा व्यायाम म्हणजे दीड-दीड तासाची ३६ सत्रं होती, प्रशिक्षित माणसाच्या हाताखालची, पायरी पायरीने अवघड होत जाणारी. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या तर मला एवढं दिसतं: घर ही बरं होण्याची चांगली जागा आहे, यंत्र नसल्याने अडत नाही; मात्र थेरपिस्टाची सगळी जबाबदारी कुटुंबाच्या गळ्यात टाकून भागत नाही.

पांडेसऱ्यातलं कुटुंब म्हणजे तरी कोण? मुलगा बारा तासांच्या पाळीत. बहुतेक घरांत उरते ती बायको किंवा सून: स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा, साड्यांची गाठोडी आणि आता अंथरुणावरचा माणूस. तिने आणखी दोन तास काढावेत असं सांगणं सोपं आहे. न्यू सिव्हिल किंवा स्मीमेरसारखं सरकारी रुग्णालय शहरात आहे, पण तोल नसलेल्या माणसाला तिथवर नेणं म्हणजे रिक्षाचं भाडं आणि कुणाचा तरी एक खाडा. म्हणून थेरपिस्टने वस्तीत यायला हवं. वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, चार-सहा रुग्णांचा गट, एकत्र पावलं, एकत्र गाणी, आणि दर खेपेला घरच्या सरावाची पुढची पायरी. गट असला की रुग्ण एकटा राहत नाही, सांभाळणारीला तासभर टेकायला मिळतं, आणि उत्साह टिकतो. ऑस्ट्रेलियात ज्युली बर्नहार्ट यांनी २००४ मध्ये पक्षाघाताच्या विभागांत पाहिलं होतं की रुग्ण दिवसाचा ६० टक्के वेळ एकटे असतात. एकटा मेंदू शिकत नाही.

आणखी एक मागणी आहे, तिला पैसे लागत नाहीत. घरी सोडताना रुग्णालय जो कागद देतं, त्यावर रक्तदाब, साखर, गोळ्या असतात. तिथेच तीन ओळी वाढवाव्यात: हा माणूस काय काम करत होता, कोणकोणत्या भाषा बोलतो, आणि त्याला सगळ्यात आधी काय पुन्हा करता यायला हवं आहे. लूम्सचा कारागीर असेल तर सराव गाठीचा आणि नजरेचा, भाजीवाली असेल तर तराजूचा आणि हिशेबाचा, आजी असेल तर वाती वळण्याचा आणि गाण्याचा. प्रत्येकजण कामावर परतेल असं कुणीही सांगू शकत नाही, सांगूही नये. इजा किती आणि कुठे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पण दहा वेळा हात वर करण्यापलीकडे त्याच्याकडून कधी काही मागितलंच गेलं नाही, असं तरी एकाही घरात होऊ नये. या तीन ओळी भरायला डॉक्टरला दोन मिनिटं लागतील, आणि थेरपिस्टला त्यांतून महिनाभराचा सराव आखता येईल.